ऑगस्टाचं बिडाचं पोट

६ डिसेंबर १९७०, रविवार. दुपार.

घरकामाच्या मनकर्णाने मीठ घालून शेंगा उकडल्या. पातेल्यावरचं झाकण निघालं आणि त्या वासासरशी कोल्हारचा पूल आठवला. अडतीस साल असेल. ऑगस्टा, आमची गाडी, नवी होती, मीही ह्या घरात तशी नवीच. पुलाअलीकडे गाडी थांबवून हे आणि मी फूटबोर्डवर बसलो आणि रुमालातल्या शेंगा खाल्ल्या. मेंढरांचा एक कळप गेला. ह्यांनी माझ्या केसांवरची धूळ झटकली, मी ह्यांच्या टोपीवरची झटकली. एवढंच. मग हे म्हणाले, चल, पुढे तू चालव. मी चालवली. तेव्हापासून आजतागायत माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही.

काल झाला तो अपघात नव्हे. तो दगड होता.

रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, म्हणून मी ओढ्यातून गाडी घातली. खालून मोठा आवाज झाला. दगड नवा आहे. छप्पन साली मी ह्याच ओढ्यातून गेले होते, तेव्हा नव्हता. शेजारचा सूर्यभान म्हणतो, काकू, त्यो दगड माज्या आज्यापासनं तितंच हाय, म्हशी त्याला अंग घासत्यात. सूर्यभानच्या आज्याची आणि म्हशींची साक्ष मी मानत नाही.

नेमका रंगनाथ आलेला. पिंपरीच्या कारखान्यात साहेब झाल्यापासून त्याला आईवरही साहेब व्हायचं असतं. गाडीखाली वाकून पाहिलं, बोटाला लागलेलं तेल पुसलं आणि म्हणाला, डिफरन्शियलचं हाउसिंग फुटलं, आता पुण्याला चल. जणू दोन्ही मिळून एकच वाक्य. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. दर खेपेला हेच. तिथे फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सूनबाई चांगली आहे. ती आहेच चांगली. पण तिथे मी काय चालवू? लिफ्ट?

मी म्हटलं, गाडी दुरुस्त होईल. तो हसला. अगदी ह्यांच्यासारखं हसतो, म्हणून वाचला. मग म्हणाला, ठीक आहे आई, संक्रांतीला मी रेल्वेने चितळी स्टेशनवर उतरतो. तू स्वतः चालवत, ह्याच गाडीतून मला घरी आणलंस, तर जन्मात पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर तू माझ्याबरोबर यायचं, कायमची.

मी हो म्हटलं. मनकर्णा साक्षीला होती. ती म्हणाली, म्यां ऐकलंय, मागनं कुनी मागं सरायचं न्हाई.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठणे. गाडीखाली स्वतः शिरणे. न चिडणे.


७ डिसेंबर, सोमवार.

थंडीमुळे पहाटे उठता आलं नाही. गाडीखाली शिरले नाही, कारण नऊवारी. चिडले. पण तिघांवरच.

नूरमहंमद मिस्त्री आला. त्याचं गॅरेज कालव्याच्या पुलाजवळ आहे. पूर्वी नगरला मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथे त्याने रणगाडे दुरुस्त केले. मनकर्णाच्या म्हणण्याप्रमाणे तिथे तो चहा द्यायचा.

गाडीखालूनच ओरडला, बाईसाहेब, ह्ये तर कायबी न्हाई! रनगाडा खोललाय म्यां, रनगाडा!

मागच्या दोन चाकांच्या मधोमध बिडाचं एक पोट असतं, चांगल्या कलिंगडाएवढं. त्याच्या आत दातेरी चाकं तेलात फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकांना देतात. ह्या पोटाला वीतभर तडा गेलाय. बाकी ऑगस्टा ठणठणीत.

ह्यांच्या कपाटातून गाडीचं मॅन्युअल काढलं. इंग्रजीत आहे. मिस्त्रीला इंग्रजी येत नाही, मला गाडी खोलता येत नाही. म्हणजे दोघांचं मिळून सगळं येतं.


१० डिसेंबर, गुरुवार.

मागचा सगळा सांगाडा बाहेर काढून चिंचेखाली बाजेवर ठेवला. पाहताना जीव गलबलला. ऑपरेशन टेबलावरच्या माणसाकडे पाहावं तसं वाटलं.

ऑगस्टाचं नाव कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ऑगस्टांवरून मी ठेवलं. दोघींचा स्वभाव एकच. सुरू व्हायला वेळ लागायचा, पण एकदा सुरू झाल्या की कुणाच्या बापाला थांबायच्या नाहीत. गावात तिला अगस्ती म्हणतात. अकोल्याला ऋषींचा आश्रम आहे, त्यामुळे बायका येता जाता बॉनेटला हात लावून नमस्कारही करतात. मी कधी दुरुस्त केलं नाही. मान मिळतोय तर मिळू द्यावा.

मॅन्युअल म्हणतं, सुटे भाग काढताना डाव्या उजव्या बाजूची खूण करा, आतलं मोठं दातेरी चाक डावीकडेच बसलं पाहिजे. नूरमहंमदने खडू काढला. तेलकट लोखंडावर खडू टिकतोय होय? मी देवघरातून करंडा आणला. मोठ्या चाकाच्या बाजूच्या सगळ्या भागांना हळद, दुसऱ्या बाजूच्या भागांना कुंकू. तेलावर असं काही चिकटलं की वा. नूरमहंमद म्हणाला, बाईसाहेब, ही आयडिया मिलिटरीतबी न्हवती.

मनकर्णा तोंड वाकडं करून उभी होती. एकाला नुसती हळद न् एकाला नुसतं कुंकू, आसं कुनी लावतं व्हय, म्हणाली. मी म्हटलं, हे इंजिनिअरिंग आहे.


१४ डिसेंबर, सोमवार.

नूरमहंमदने पोट गॅरेजवर नेऊन वेल्डिंग केलं. छान दिसत होतं. आम्ही चहाला बसलो. दुसरा घोट घेतला तोच टण्ण असा आवाज झाला. तडा वेल्डिंग सोडून शेजारून पुढे गेला होता. आधी वीतभर होता, आता दीड वीत.

तो म्हणाला, बीड हाय बाईसाहेब, रुसतंय. मी विचारलं, रणगाड्याचं रुसत नव्हतं का? तो म्हणाला, रनगाडा सरकारी. सरकारी वस्तू रुसत न्हाई, नुसती बंद पडती.


१६ डिसेंबर, बुधवार.

मॅन्युअलमध्ये सापडलं. बिडाला वेल्डिंग करायचं तर आधी अख्खं पोट सगळीकडून सारखं लाल तापवायचं, गरम असतानाच जोडायचं आणि मग राखेत पुरून हळूहळू गार होऊ द्यायचं. घाई केली की तडकतं. हे मला आधीच कळायला हवं होतं. गरम चहा काचेच्या ग्लासात एकदम ओतू नये, हे सिस्टर ऑगस्टांनी आम्हाला छडी मारून शिकवलं होतं.

लोहाराच्या भट्टीत पोट मावत नाही. एक गाल तापतो, दुसरा गार. एवढी मोठी, सारखी धग कुठे मिळणार?

संध्याकाळी वारा सुटला आणि सूर्यभानच्या गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास आला. उत्तर समोर दोन शेतांपलीकडे पेटलेलं.


१८ डिसेंबर, शुक्रवार.

आमच्याकडे गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. वाटसरू असो, वैरी असो. रस, काकवी, गरम गूळ, मागेल ते द्यायचं, नाहीतर काहिलीतला पाक बिघडतो असा समज. मी जाऊन बसले. सूर्यभानने रसाचा तांब्या पुढे केला. म्हणाला, काकू, आजून काय देऊ?

मी म्हटलं, काहिलीखालच्या चुलवणाची धग दे. एका सकाळपुरती.

त्याला आधी समजलंच नाही. समजल्यावर तो तांब्यासकट खाली बसला. लोक काकवी मागत्यात काकू, म्हणाला.

गूळ शिजवणारा गोरक्ष हातातला झारा घेऊन पुढे आला. साठीचा, कायम कावलेला. आमच्या काहिलीखाली गाडीचं आतडं ठिवनार? आरं, हितं बाई चपला घालून आली तरी मी पाक सोडून देतो! मी चपला बाहेरच काढल्या होत्या. तसं सांगितलं. मग म्हटलं, गुऱ्हाळावर आलेल्याला नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणा, मी जाते.

 रीत मोडायची हिंमत दोघांतही नव्हती. सोमवारी या म्हणाले.

रीतीभातींवर माझा पहिल्यापासून विश्वास आहे.


२१ डिसेंबर, सोमवार.

झालं! साखळीला बांधून पोट चुलवणात टांगलं. वर काहिलीत रस उकळतोय, खाली ऑगस्टा लाल होतेय. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मनकर्णा म्हणाली धूर हाय, लांब बसा.

लाल झाल्यावर बाहेर ओढून नूरमहंमदने तिथेच वेल्डिंग केलं. टोपी मागे सारून, दात ओठ खाऊन. मग चिपाडाच्या राखेच्या खड्ड्यात पुरलं. वर पोती टाकली. आता कुणी उकरायचं नाही.

एक किरकोळ गोष्ट. पोटात थोडं जुनं गियर ऑइल राहिलं होतं, ते जळलं. त्या काहिलीच्या गुळाला वास आला असं सगळ्यांचं मत पडलं. गोरक्ष ढेप हुंगून म्हणाला, ह्यो गूळ खाल्ला की मानूस डायरेक्ट टॉप गियरला. सूर्यभानचं तोंड एवढंसं झालं. मी एक खडा खाऊन पाहिला. मला तो वास चांगला वाटला. ह्यांच्या कोटाला यायचा तसा.

सगळा गूळ मी घेतला. संक्रांतीचा तिळगूळ त्याचाच करणार. गावाला कळेलही नाही.


२३ डिसेंबर, बुधवार.

राख उकरली. पोट गार. नूरमहंमदने पाना मारून पाहिला, देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद. शिवणीवरून बोट फिरवलं, आईच्या गोधडीची शिवण आठवली. कुठेही तडा नाही.

पिंपरीच्या साहेबांना कळवणार नाही. चितळीच्या फलाटावर कळेल.


३० डिसेंबर, बुधवार.

काम थांबलंय. नूरमहंमद भाचीच्या लग्नाला श्रीगोंद्याला गेलाय. मीच जा म्हटलं. वेळ भरपूर आहे. घाई केली की तडकतं.


४ जानेवारी १९७१, सोमवार.

वेळ भरपूर आहे असं मी मागे लिहिलंय. तितकाही नाही. नूरमहंमद अजून श्रीगोंद्यालाच. आमच्यातली लग्नं दिवसात उरकतात, म्हणाली मनकर्णा. मी म्हटलं, तुझ्या मुलीच्या लग्नात तू मला आठ दिवस उपाशी ठेवलं होतंस. 


६ जानेवारी, बुधवार.

नूरमहंमद आला. आज जोडणी. सकाळी चिंचेखाली गेले आणि पाहते तर सगळ्या भागांना, अगदी दोन्ही बाजूंच्या, ठसठशीत हळद आणि कुंकू. दोन्ही. सगळ्यांना.

मनकर्णा म्हणाली, मंग काय! आर्दवट ठिवलं व्हतं तुमी. म्हणून तर येवढे दिस आडलं. शुभ काम हाय, आता लागंल मार्गी.

मी न चिडण्याचा संकल्प केला होता. तो मोडला.

नूरमहंमद शांत होता. म्हणाला, दोनी बाजू सारख्याच दिसत्यात बाईसाहेब, कशाबी बसत्यात. गोऱ्या साहेबानं मुद्दाम तशा केल्यात. मी म्हटलं, असं नसतं, मॅन्युअल आहे. मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे, डावी म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर जी डावी, ती. म्हणून मी बाजेपुढे खुर्ची मांडली, ड्रायव्हरसारखी बसले, डावा हात वर केला आणि म्हटलं, ही डावी, मोठं चाक इकडे. तोंडावर ऊन येत होतं म्हणून खुर्ची जरा फिरवून घेतली होती.

मनकर्णा म्हणाली, बाई, गाडीचं त्वांड तर तिकडं हाय, तुमी इकडं बघताय. मी म्हटलं, प्रश्न तोंडाचा नाही, डाव्या हाताचा आहे. आज सकाळपासून तिला बोलायचा अधिकार नव्हता.

मोठं चाक बसवलं. चपखल. पोट बंद केलं, बोल्ट आवळले. मी स्वतः एक आवळला. नूरमहंमदने तो नंतर पुन्हा आवळला, पण ते त्याच्या समाधानासाठी.


१० जानेवारी, रविवार.

सांगाडा गाडीखाली गेला. चाकं चढली. पोटात नवं तेल भरलं आणि खाली कोरा कागद अंथरला. दिवसभरात कागदावर एक ठिपका नाही. तो कागद रंगनाथसाठी ठेवलाय.

रात्रीपासून छातीत हलकं वाटतंय. इथलं अंगण, इथली चिंच, पेरूची बाग, सगळ्यांकडे फिरून आले. कुठे जात नाही मी, म्हटलं.


१२ जानेवारी, मंगळवार.

ट्रायल. सूर्यभान, गोरक्ष, आणखी बरेच जण फाटकाशी. मी नव्या साडीत. मनकर्णाने चाकांखाली लिंबं ठेवली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. मी पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि ऑगस्टा मागे गेली. कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत.

चुकून रिव्हर्स पडला असणार. पुन्हा पहिला टाकला. पुन्हा मागे. आता खुराडं नाही. दुसरा टाकून पाहिला. तो जास्त वेगाने मागे. पेरूच्या झाडाने थांबवलं. मग रिव्हर्स टाकला. ऑगस्टा मोठ्याने ओरडत, सावकाश, सरळ पुढे निघाली.

टाळ्या कुणी वाजवल्या ते पाहिलंय मी. गोरक्षने.

नूरमहंमद गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा टोपी हातात. म्हणाला, बाईसाहेब, मोठं चाक दुसऱ्या अंगाला बसलंय. आता पुढचे तिनी गियर मागं नेनार, आन् मागचा पुढं.

मी विचारलं, रणगाड्यात असं झालं होतं? तो म्हणाला, रनगाडा दोनीकडं जातो.

पुन्हा खोलून बसवायला चार दिवस. रंगनाथ परवा येणार. मी विचार केला. गाडीला पुढे जाणारा गियर आहे. एक आहे. चितळीला जायला मला एकच लागतो.


१३ जानेवारी, भोगी.

तीळ लावून बाजरीची भाकरी, सगळ्या भाज्या मिसळून केलेली भाजी, वर लोणी. पोटभर जेवले. दुपारी अंगणात पुढे जाण्याचा सराव. ज्यांना हसायचं होतं त्यांनी हसून घेतलं. अकोल्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मात्र नमस्कार केला.


१४ जानेवारी, संक्रांत. संध्याकाळ.

आणलं. घरी आणलं. आधी हे लिहून ठेवते, मग बाकीचं.

सकाळी लवकर निघाले. शेजारी मनकर्णा, मांडीवर तिळगुळाचा डबा. रिव्हर्स गियरमध्ये पुढे. वेग बैलगाडीचा, आवाज साखर कारखान्याच्या भोंग्याचा. खरं तर उसाच्या बैलगाड्याही पुढे गेल्या. एक गाडीवान वळून म्हणाला, बाई, म्हातारीला चाबूक लावू का? मी त्याला तिळगूळ दिला. गोड बोलण्याचा दिवस होता. खाल्ल्यावर त्याने डब्याकडे असं काही पाहिलं की पुढे बोललाच नाही.

चितळीला पोचलो तेव्हा रेल्वे गेलेली, रंगनाथ बाकावर बॅग घेऊन बसलेला. ऑगस्टाला पाहून उभा राहिला. तोंड उघडं. मी हॉर्न वाजवला. स्टेशनसमोर दिमाखात गाडी थांबवताना आत कडकड झालं आणि रिव्हर्स गियर गेला. दात झडले असावेत. एवढा वेळ त्याच्याकडून असं काम कुणी करून घेतलं नव्हतं. त्याला दोष देणार नाही.

म्हणजे आता पुढे जाता येत नव्हतं. मागे जाणारे तिन्ही गियर मात्र ठणठणीत.

रंगनाथ खाली वाकला, पाहिलं, आणि त्याला दोन मिनिटांत सगळं समजलं. आई, क्राऊन व्हील उलटं बसवलंय, म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत आहे. तो म्हणाला, टांगा करू. मी म्हटलं, मागे बस. तो म्हणाला, आई. मी म्हटलं, स्वतः चालवत, ह्याच गाडीतून, घरी. तोंड कुठल्या दिशेला हे ठरलं नव्हतं. मनकर्णा, सांग.

मनकर्णा म्हणाली, न्हवतं ठरलं. देवाशप्पत. आन् मग डोळ्यांवर पदर ओढून सीटमध्ये खाली घसरली.

ऑगस्टाचं तोंड स्टेशनकडे होतं, म्हणजे पाठ आपोआप घराकडे. डावा हात सीटवर टाकला, मान वळवली, दुसरा गियर टाकला आणि निघाले. झकास! पुढे जाताना लागला त्याच्या अर्धाही वेळ लागला नाही.

मागे पाहत चालवायचं, आणि मागच्या सीटवर रंगनाथ. तो सारखा म्हणत होता, आई, रस्त्याकडे बघ. मी बघतच होते. पण मधे तो. तो शाळेत जायला लागल्यापासून इतका वेळ सलग मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. कानाजवळ केस पांढरे झालेत. डोळ्यांखाली काळं. एकदा गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा त्याने लहानपणी धरायचा तसाच दोन्ही हातांनी सीटचा काठ धरला. मी विचारलं, जेवतोस ना वेळेवर? तो म्हणाला, आई, बैल! बैल बाजूला झाला.

गावात बाजार भरलेला. लोक दोन्हीकडे सरले, मधून ऑगस्टा पाठमोरी. बांगड्या विकणारी छबूबाई ओरडली, बया बया, नवी नवरी सासरी निघाल्यागत मागं वळून वळून बघत चाललीया! सगळा बाजार हसला. रंगनाथही हसला. मग मीही.

फाटकातून आत शिरताना एकच खांब लागला. पोटातून तेलाचा थेंब नाही. नूरमहंमदने आनंदाने माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

रंगनाथ उतरला, बॅग घेतली आणि म्हणाला, जिंकलीस. पुण्याचं नाव काढणार नाही.


१५ जानेवारी, किंक्रांत.

मान वळत नाही. म्हणजे वळलेलीच आहे, सरळ होत नाही. डाव्या खांद्यावरून मागे पाहावं तशी अडकलीय. समोरचं पाहायचं तर अख्खीने उजवीकडे फिरावं लागतं. लिहितेय तीही टेबलाला आडवी बसून.

डॉक्टरांनी शेक आणि पट्टा सांगितला. आणखी म्हणाले, मोठ्या दवाखान्यात फोटो काढून घ्या. कुठल्या गावी ते रंगनाथने विचारू दिलं नाही. घाईने बाहेर गेला.

मनकर्णाने सकाळी चहा आणला तो नेमका उजवीकडून. दिसलाच नाही. सांडला.


१६ जानेवारी, शनिवार.

रंगनाथ शब्दाचा पक्का. बापावर गेलाय. दोन दिवसांत पुण्याचा प सुद्धा काढला नाही. माझी मान शेकतो, भाकरीचे तुकडे करून ताटात ठेवतो, मुकाट बसतो. उद्या सकाळी निघणार, एकटाच. बॅग भरली.

मी विचारलं, तिकडे थंडी कशी आहे? तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, तिकडे. तो म्हणाला, मी नाव काढणार नाही म्हटलंय.

मग सुनेची चौकशी केली. बरी आहे म्हणाला. लिफ्ट चालते का विचारलं. चालते.  मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, मान तिकडे वळत नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. परवा पाहिलेले ते कानाजवळचे केस आठवत राहिले.

शेवटी मीच म्हटलं, पुण्याला हाडांचे चांगले डॉक्टर असतील.

 मग म्हणाला, तू नाव काढलंस हं, मी नाही.

मी म्हटलं, मान नीट होईपर्यंत. मान म्हणजे काही कायमची गोष्ट नव्हे. मनकर्णा साक्षीला आहे. मनकर्णा आत जाऊन माझी ट्रंक पुसायला लागली.


१७ जानेवारी, रविवार. सकाळ.

निघण्याआधी लिहून ठेवते, मागाहून गोंधळ नको. सगळं मी येईपर्यंतच.

गाय सूर्यभानकडे. दुधातला तांब्याभर रोज मनकर्णाला, त्यात हयगय नाही. पेरूची बाग त्याने राखावी. पाखरांनाही खाऊ द्यावेत. उरलेला गियर ऑइलचा गूळ गोरक्षला. नको म्हणाला तरी द्यावा. आपल्याकडे आलेल्याला परत पाठवत नाहीत, तसं देणाऱ्यालाही पाठवू नये.

मॅन्युअल नूरमहंमदला. वाचता येत नसलं तरी चित्रं आहेत. मोठं चाक त्याने मी आल्यावरच फिरवायचं, माझ्यासमोर. खुर्ची कुठे मांडायची ते मी सांगेन.

ऑगस्टा कुणालाही नाही. ताडपत्री घालून चिंचेखाली ठेवावी. ज्यांना नमस्कार करायचा असेल त्यांना करू द्यावा. मागची सीट काढून मनकर्णाच्या ओट्यावर टाकावी, तिचे गुडघे दुखतात. बूच लावून तेल पोटातच ठेवावं.

घराची किल्ली मनकर्णाकडे. ह्यांचा कोटही. वर्षातून एकदा उन्हात घालावा, धुऊ नये.

माझी उशीही मनकर्णालाच. डॉक्टरांनी मला बिनउशीचं झोपायला सांगितलंय. अभ्रा तिने बदलून घ्यावा. मी आल्यावर मला ती परत हवी आहे.